निसर्गछायाचित्रण आणि चित्तस्वास्थ्य : अवधानाच्या दृष्टीने एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

निसर्गाच्या सान्निध्यात मन निवते, ही गोष्ट इतकी सर्वपरिचित आहे की तिच्यासाठी शास्त्राची साक्ष काढण्याची कोणास गरज भासू नये. नदीकाठी वा डोंगरमाथ्यावर घटकाभर बसून आलेला मनुष्य हलक्या मनाने घरी परततो, हे आपण नेहमी पाहतो. परंतु याच मनुष्याच्या हाती कॅमेरा दिला, तर त्याच्या या स्वास्थ्यात भर पडते की घट होते, हा प्रश्न तितका सोपा नाही. एका पक्षाचे म्हणणे असे की, कॅमेरा हा पाहणारा आणि दृश्य यांच्यामध्ये उभा राहणारा पडदा आहे; जो चित्रे टिपण्यात गुंतला, त्याने दृश्य पाहिले असे म्हणताच येत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे निसर्गाची छायाचित्रे काढली आहेत, अशांपैकी अनेकांचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. कॅमेऱ्यामुळेच आपण पाहावयास शिकलो आणि त्या पाहण्यातच आपणास शांती लाभली, असे ते सांगतात.

दोन्ही पक्ष अनुभवाच्या आधारावर बोलत आहेत. तेव्हा त्यांपैकी एकाला खोटे ठरवून प्रश्न सुटणार नाही. दोन्ही अनुभव खरे असतील, तर ते कोणत्या परिस्थितीत खरे ठरतात, हे पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, ही शांती छायाचित्रात नसते आणि कॅमेऱ्यातही नसते. छायाचित्रण करताना आपले अवधान कोणत्या प्रकारचे असते, यावर ती अवलंबून असते. कॅमेरा जेव्हा आपणास थांबावयास लावतो, तेव्हा तो चित्तस्वास्थ्यास साहाय्यक होतो. तो जेव्हा आपणास संग्रहाकडे व प्रदर्शनाकडे ओढतो, तेव्हा तेच यंत्र अस्वास्थ्याचे कारण बनते.

हा विचार आता थोड्या हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. खिशातील दूरध्वनीतच कॅमेरा आल्यापासून निसर्गात जाणारा जवळजवळ प्रत्येक मनुष्य छायाचित्रकार झाला आहे. अभ्यासाने शिणलेला विद्यार्थी ज्या टेकडीवर विसाव्यासाठी जातो, तेथेही कॅमेरा त्याच्याबरोबर असतोच. तो विसावा त्याला खरोखर मिळतो किंवा नाही, हे ज्यावर ठरते त्याचा उलगडा झाला, तर त्याचा उपयोग केवळ उपपत्तीपुरता असणार नाही.

२. अवधानाचे दोन प्रकार

विल्यम जेम्स याने १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्रावरील महाग्रंथात अवधानाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक अनैच्छिक : विषयच असा असतो की मन त्याच्याकडे आपोआप जाते. दुसरे ऐच्छिक : विषयात स्वतःची ओढ नसते, म्हणून मनाला प्रयत्नाने तेथे लावावे लागते. जेम्सचे निरीक्षण असे की, ऐच्छिक अवधान एका वेळी काही सेकंदांपेक्षा अधिक टिकत नाही. आपण ज्याला दीर्घकाळचे अवधान म्हणतो, ते वस्तुतः भरकटलेल्या मनाला पुनःपुन्हा मागे आणण्याच्या प्रयत्नांची मालिका असते.

मिशिगन विद्यापीठातील रेचेल व स्टीफन कॅप्लन या दांपत्याने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या भेदावर एक उपपत्ती उभारली. तिचा सारांश असा : ऐच्छिक अवधान ही खर्च होणारी शक्ती आहे. ती टिकवण्यासाठी मनाला अन्य सर्व आकर्षणे सतत दाबून ठेवावी लागतात, आणि हे दाबून ठेवणे दीर्घकाळ चालले म्हणजे शीण येतो. चिडचिड, विसराळूपणा, निर्णय घेण्यातील चालढकल ही या शिणाची बाह्य लक्षणे होत. झोपेने हा शीण काही अंशी जातो. परंतु जागेपणी तो जावयाचा असेल, तर ऐच्छिक अवधानाला विश्रांती देईल असे दुसरे काही मनासमोर असावे लागते.

असे परिसर कोणते? कॅप्लन यांनी त्यांची चार लक्षणे सांगितली आहेत. नित्याच्या व्यवहारापासून दूर गेल्याची जाणीव; ज्यात मन फिरू शकेल असा विस्तार व सुसंगती; मनाला सहज ओढून घेणारे आकर्षण; आणि आपण जे करू इच्छितो त्याला परिसराची असलेली अनुरूपता. यांतील तिसरे लक्षण सर्वांत महत्त्वाचे असून त्याचेही त्यांनी दोन भेद केले आहेत. मोटारींची शर्यत पाहताना मन खिळून राहते खरे, पण तेथे दुसऱ्या कशालाच जागा उरत नाही. हे तीव्र आकर्षण होय. ढगांची हालचाल, पाण्यावरील प्रकाश, वाऱ्याने हलणारी पाने यांचे आकर्षण सौम्य असते. ते मनाला धरून ठेवते, पण व्यापून टाकीत नाही. विचारांना हळूहळू बसावयास अवकाश मिळतो, तो या सौम्य आकर्षणात. निसर्गाचे विश्रांतिमूल्य मुख्यतः येथे आहे.

३. प्रायोगिक पुरावा आणि त्याच्या मर्यादा

या उपपत्तीच्या आधीपासूनच काही पुरावा पुढे येऊ लागला होता. रॉजर उलरिच याने १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयाच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या, वय इत्यादी बाबतींत जुळणाऱ्या, २३ जोड्या त्याने केल्या. प्रत्येक जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणाऱ्यांचा शस्त्रक्रियेनंतरचा मुक्काम सरासरी ७.९६ दिवसांचा, तर भिंत पाहणाऱ्यांचा ८.७० दिवसांचा होता. आणि पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली.

अवधानाचा प्रत्यक्ष मागोवा मार्क बर्मन, जॉन जोनाइड्स व स्टीफन कॅप्लन यांनी २००८ साली घेतला. ३८ विद्यार्थ्यांना सुमारे ५० मिनिटे चालावयास पाठविले. एकदा वृक्षोद्यानात आणि एकदा शहराच्या गजबजलेल्या भागात. अंकांची मालिका ऐकून ती उलट क्रमाने म्हणण्याच्या कसोटीत उद्यानातील फेरीनंतर अधिक सुधारणा दिसली. विशेष म्हणजे ही सुधारणा फेरी सुखावह वाटली की नाही यावर अवलंबून नव्हती. कडाक्याच्या थंडीत चाललेल्यांनाही ती लाभली. याच संशोधकांच्या दुसऱ्या प्रयोगात बारा व्यक्तींना निसर्गाची व शहराची केवळ चित्रे दाखविण्यात आली, आणि तेथेही निसर्गचित्रांनंतर अवधानाच्या एका अंगात सुधारणा आढळली.

ग्रेगरी ब्रॅटमन व त्याचे सहकारी यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अस्वास्थ्याच्या दुसऱ्या एका अंगाकडे वळतो. मनुष्य आपल्याच दुःखाचे, अपमानाचे वा चुकांचे विचार गुरांनी चारा रवंथ करावा तसे पुनःपुन्हा घोळवीत बसतो. या विचारांच्या रवंथाचा विषाद-विकाराशी संबंध असल्याचे मानसशास्त्र मानते. नव्वद मिनिटे निसर्गात चालून आलेल्यांमध्ये असा रवंथ कमी झाल्याचे, तसेच त्याच्याशी निगडित अशा मेंदूच्या एका भागातील क्रिया मंदावल्याचे आढळले. वाहत्या रस्त्याकडेने तितकाच वेळ चाललेल्यांत हा फरक दिसला नाही.

हा पुरावा पटण्यासारखा असला तरी त्याचे मोल वाजवीपेक्षा अधिक करू नये. यांतील बहुतेक अभ्यास लहान गटांवर झालेले आहेत. हेदर ओली व सहकाऱ्यांनी २०१६ साली ३१ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण केले, तेव्हा अवधानाच्या अनेक कसोट्यांपैकी केवळ तिहींत निसर्गाचा अनुकूल परिणाम स्पष्ट दिसला. इतरांत तो दिसला नाही. तेव्हा निसर्ग अवधानाला विसावा देतो या विधानाला आधार आहे, परंतु ते सर्वांगांनी सिद्ध झाले आहे असे म्हणण्याची घाई नको. आपल्या विषयापुरता यातून एवढाच धागा घ्यावयाचा की, निसर्गातील शांतीचे मूळ अवधानात शोधणे युक्त आहे.

४. कॅमेरा अवधानाचे काय करतो?

आता कॅमेरा मध्ये आणू. लिंडा हेंकेल हिने २०१४ साली केलेल्या प्रयोगांत काही व्यक्तींना वस्तुसंग्रहालयात नेऊन काही वस्तूंची छायाचित्रे काढावयास आणि काही वस्तू नुसत्या पाहावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी, ज्या वस्तूंची छायाचित्रे काढली त्या कमी आठवल्या. जणू कॅमेऱ्याने पाहिले आहे, आता आपण लक्षात ठेवण्याचे कारण नाही, असा मनाने समज करून घेतला होता. पडदा-पक्षाला हा निष्कर्ष सोयीचा आहे. पण हेंकेलच्या दुसऱ्या प्रयोगाकडे तितकेच लक्ष दिले पाहिजे. छायाचित्र काढताना ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर भिंग जवळ आणण्यास सांगितले होते, त्यांची स्मृती मुळीच उणावली नाही; इतकेच नव्हे, तर चौकटीबाहेर राहिलेला भागही त्यांना तितकाच आठवला. यंत्र तेच, वस्तूही त्याच. फरक पडला तो निवड करावी लागल्यामुळे.

ख्रिस्टिन डील, गाल झाउबरमन व अलिक्झांड्रा बाराश यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या नऊ प्रयोगांत दोन हजारांहून अधिक व्यक्तींनी भाग घेतला. छायाचित्रे काढणाऱ्यांना आपला अनुभव सामान्यतः अधिक आनंददायक वाटला, आणि याचे कारण ते त्यात अधिक गुंतले होते, असे दिसून आले. मात्र जो आधीच एखाद्या कृतीत मग्न आहे त्याला कॅमेऱ्याने काही अधिक दिले नाही. आणि हाताळण्यास अवघड असा कॅमेरा अनुभवाच्या आड आला. आणखी एक गोष्ट : अनुभवच अप्रिय असेल, तर छायाचित्रणाने तो अधिक अप्रिय झाला. म्हणजे कॅमेरा सुख निर्माण करीत नाही. तो अवधान वाढवितो, आणि अवधान ज्यावर पडेल ते गडद होते. २०१७ सालच्या त्यांच्या अभ्यासात याला एक महत्त्वाची पुस्ती मिळाली. स्वेच्छेने छायाचित्रे काढणाऱ्यांना पाहिलेले अधिक आठवले, पण ऐकलेले कमी आठवले. अवधान दृष्टीकडे ओढले गेले की कानांच्या वाट्याला ते कमी येते. पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. कारण रानात पक्षी पुष्कळदा आधी ऐकू येतो आणि मग दिसतो.

परंतु आपल्या प्रतिपादनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा निष्कर्ष याच संशोधकांच्या २०१८ सालच्या लेखात आहे. छायाचित्रे स्वतःच्या आठवणीसाठी काढणारे आणि ती समाजमाध्यमांवर इतरांना दाखविण्यासाठी काढणारे, अशी तुलना त्यांनी केली. दुसऱ्या गटाला त्याच अनुभवात कमी आनंद मिळाला. कारण, आपण लोकांना कसे दिसू ही चिंता अनुभव घेतानाच त्यांच्या मनात शिरली होती. येथे कॅमेरा बदललेला नाही, दृश्य बदललेले नाही. बदलला आहे तो केवळ हेतू, आणि हेतूबरोबर अवधानाची दिशा. पहिल्या गटाचे अवधान वस्तूकडे आहे, दुसऱ्याचे स्वतःकडे. ज्या स्वविषयक रवंथापासून निसर्ग आपणास घटकाभर सोडवतो, तोच रवंथ दुसऱ्या गटातील मनुष्याने आपल्याबरोबर रानात नेला आहे.

५. एक उदाहरण : कासच्या पठारावरील फूल

हे विवेचन अधिक मूर्त व्हावे म्हणून एक उदाहरण घेऊ. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर कासचे पठार आहे. जांभ्या दगडाच्या या सपाटीवर मातीचा थर इतका पातळ आहे की मोठे झाड तेथे मूळ धरू शकत नाही. उन्हाळ्यात हे पठार उजाड व काळपट दिसते. पावसाळ्यात मात्र दगडाच्या खोलगट भागांत पाणी साचते, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्या ओलीवर गेंद, तेरडा, सोनकी अशा लहान वनस्पतींचे ताटवे फुलतात. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कासचा समावेश आहे.

या फुलांपैकी ‘सीतेची आसवे’ या नावाने ओळखले जाणारे निळे-जांभळे फूल घ्या. ते सुमारे एक सेंटिमीटर आकाराचे असते. वनस्पती कीटकभक्षी आहे. नत्राने दरिद्री अशा त्या मातीत तिच्या मुळासारख्या भागांवर बारीक पिशव्या असतात. सूक्ष्म जीवाचा स्पर्श होताच पिशवी त्याला पाण्यासह आत ओढून घेते, आणि हे सर्व एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात घडते. उभ्याने चालणाऱ्याला यातील काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो केवळ निळा पट्टा.

आता कोणी या फुलाचे, छायाचित्राच्या पटावर ते प्रत्यक्ष आकाराएवढे उमटेल इतक्या जवळून, छायाचित्र काढू इच्छितो असे समजा. प्रथम त्याला ओल्या दगडावर, फुले चिरडणार नाहीत अशी जागा शोधून, पोटावर पालथे पडावे लागते. इतक्या जवळच्या अंतरावर भिंगाची स्पष्टतेची खोली फारच थोडी असते. ३५ मिलिमीटर पद्धतीच्या कॅमेऱ्यात, भिंगाचे छिद्र आठ क्रमांकावर ठेवले तरी ती सुमारे एक मिलिमीटर भरते. श्वास घेताना छाती याहून अधिक हलते. म्हणून छायाचित्रकार श्वास सोडून घटकाभर थांबतो. वारा असतोच. सेकंदाला दोन सेंटिमीटर इतक्या संथ गतीने झुलणारे फूलदेखील १/६० सेकंदात मिलिमीटराच्या तृतीयांशाइतके सरकते आणि चित्र पुसट होते. वारा पडण्याची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. वारा पडतो तेव्हा ढग सूर्याखाली आलेला असतो. ढग सरतो तेव्हा वारा पुन्हा सुटतो.

या अर्ध्या तासात काय घडते, ते कॅप्लन यांच्या परिभाषेत पाहावे. नित्याच्या व्यवहारापासून दूरत्व येथे केवळ भौगोलिक नाही. दृष्टीची पातळीच बदलली आहे. वीतभर जागेत एक संपूर्ण सृष्टी उलगडते, म्हणून विस्तार आहे. आकर्षण सौम्य आहे. फुलाचे हलणे, पाकळीवरील थेंब, देठावरून चढणारी मुंगी. आणि जे करावयाचे आहे, म्हणजे स्थिर राहून वाट पाहणे, तेच परिसरही मागतो, म्हणून अनुरूपता आहे. चारही लक्षणे एकत्र आली आहेत, आणि ती एकत्र आणली आहेत कॅमेऱ्याने. कॅमेरा नसता, तर त्या एका फुलासमोर अर्धा तास पालथे पडून राहण्याचे धैर्य वा निमित्त फार थोड्यांना मिळाले असते. कॅमेऱ्याचे खरे कार्य येथे चित्र घेणे हे नसून, मनुष्याला एका जागी रोखून धरणे हे आहे.

६. एक आक्षेप : कौशल्य आणि प्रयत्न

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. छिद्र, शटरचा वेग, प्रकाशमापन, चौकटीची मांडणी या सर्वांना ऐच्छिक अवधानच लागते. मग ज्या शक्तीला विसावा द्यावयाचा तिलाच पुन्हा कामाला जुंपले, असे नव्हे काय?

नवशिक्याच्या बाबतीत हा आक्षेप बहुतांशी खरा आहे. त्याचे लक्ष फुलाकडे कमी आणि यंत्राच्या चकत्यांकडे अधिक असते. परंतु सवयीने क्रिया अंगवळणी पडली की तिला लागणारे जाणीवपूर्वक अवधान कमी होते, हेही जेम्सने त्याच ग्रंथात सविस्तर सांगितले आहे. मिहाय चिक्सेंटमिहायी याने १९७५ पासून ज्या ‘प्रवाह’-अवस्थेचे वर्णन केले, ती कृतीचे आव्हान आणि कर्त्याचे कौशल्य यांचा मेळ बसला असता संभवते. आव्हान फार मोठे झाले तर चिंता, फार लहान झाले तर कंटाळा. सीतेच्या आसवांसमोर पडून राहिलेल्या अनुभवी छायाचित्रकाराची बोटे यंत्र आपोआप चालवितात. त्याचे मन फुलापाशी मोकळे असते. म्हणून छायाचित्रणातील शांती ही नवे यंत्र विकत घेऊन मिळत नाही; जुने यंत्र हातात मुरल्याने मिळते.

साधनांची टंचाई याला कशी पोषक ठरते, याचे प्रसिद्ध उदाहरण अन्सेल ॲडम्स याच्या चरित्रात आहे. १० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीतील हाफ डोम या शिळेसमोर तो पोहोचला, तेव्हा त्याच्याजवळ काचेच्या केवळ दोन प्लेटी उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळी गाळणी लावून वापरली. मग त्याच्या लक्षात आले की, त्या शिळेचा जो भव्य गंभीर ठसा आपल्या मनावर उमटला आहे, तो या चित्रात उतरणार नाही. दुसऱ्या प्लेटीसाठी त्याने गडद लाल गाळणी लावली. आकाश काळेभोर झाले आणि त्याला हवे ते चित्र मिळाले. चित्र प्रथम मनात पाहावे आणि मग घ्यावे, या त्याच्या पुढील सर्व शिकवणीचा उगम तो स्वतः या प्रसंगात मानीत असे. शंभर प्लेटी असत्या, तर हा विचार करण्याची त्याला निकड भासली असती काय? आजच्या अंकीय कॅमेऱ्यात चित्रांची संख्या व्यवहारतः अमर्याद आहे. ही सोय मोठी आहे. पण प्रत्येक चित्रापूर्वीचा विराम तिने ऐच्छिक करून टाकला आहे, हेही खरे. जो विराम पूर्वी फिल्मच्या किमतीने लादला जाई, तो आता स्वतःहून पाळावा लागतो.

७. तटस्थता आणि तिचा भंग

एडवर्ड बुलो याने १९१२ साली मांडलेली मानसिक अंतराची कल्पना मराठी सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकांना नवी नाही. समुद्रावरील धुक्यात सापडलेल्या प्रवाशाचे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे : भय व गैरसोय यांच्याशी असलेला व्यावहारिक संबंध बाजूला सारता आला, तर तेच धुके विलक्षण सुंदर दिसते. बुलोने असेही सांगितले की, हे अंतर फार कमी झाले तरी अनुभव बिघडतो आणि फार अधिक झाले तरी बिघडतो. छायाचित्रणातील दोन्ही दोष या मापाने नेमके सांगता येतात. दृश्याकडे पाठ करून स्वतःचेच छायाचित्र घेणारा अंतर पुरते नाहीसे करतो. दृश्याचे त्याच्या अहंतेत विसर्जन होते. डोळ्यांनी न पाहता केवळ पडद्यावर चित्र तपासीत चालणारा अंतर इतके वाढवितो की वस्तूशी संबंधच तुटतो. चौकटीचे शिस्तबद्ध अंतर या दोहोंच्या मध्ये आहे.

आपल्या परंपरेत पतंजलीच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्तस्थैर्याचे निरनिराळे उपाय सांगताना, ज्याला जे रुचेल त्याचे ध्यान करण्याचीही मोकळीक दिली आहे. विषय कोणता यापेक्षा चित्त तेथे ठरणे महत्त्वाचे, असा त्याचा आशय घेता येतो. मात्र हे साम्य फार ताणू नये. योगाचे पर्यवसान चित्तवृत्तींच्या निरोधात आहे; छायाचित्रकाराला हवे असते ते वृत्तीचे एका सुंदर वस्तूवर स्थिरावणे. दोहोंत समान आहे ती वाटेवरील एक पायरी. मुक्काम एक नव्हे.

ही तटस्थता कशी भंगते, हे छायाचित्रणाचा इतिहासच सांगतो. भारतीय रानांत कॅमेरा आला तो पुष्कळदा बंदुकीची जागा घेत. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने वाघाच्या स्वतःच्या चालीनेच कॅमेरा चालू व्हावा अशी योजना करून रात्रीची छायाचित्रे मिळविली आणि त्यांवरील ग्रंथ १९२७ साली प्रसिद्ध केला. शिकारीपेक्षा हा छंद श्रेष्ठ, हा त्याचा आग्रह होता. परंतु बंदूक गेली तरी शिकाऱ्याची वृत्ती जाईलच असे नाही. सुझन सोंटॅग हिने १९७७ सालच्या आपल्या ग्रंथात कॅमेरा व शस्त्र यांच्या नात्यावर बोट ठेवले आहे. अमुक पक्षी ‘मिळाला’, अमुक वाघ ‘हुकला’, ही भाषा आजही आपल्या कानी पडते. ज्याला वाघ हुकला, तो दिवसभर त्याच रानात होता. तेथील साग, तेथील प्रकाश, मोरांचे ओरडणे हे सर्व त्याच्याही वाट्याला आले होते. तो रिकाम्या हाताने परतला असे त्याला वाटते, कारण तो घेण्यासाठी गेला होता, पाहण्यासाठी नव्हे.

याचा ताप केवळ छायाचित्रकाराला होत नाही. घरट्याजवळ जाऊन आडव्या येणाऱ्या फांद्या छाटल्या की पिले उन्हाला व शिकारी पक्ष्यांना उघडी पडतात. वारंवार उठविलेले स्थलांतरित पक्षी खाण्याचा वेळ आणि साठविलेली शक्ती दोन्ही गमावतात. कासच्या पठारावर एका चित्रासाठी ताटव्यात टाकलेले पाऊल पुढील कित्येकांना वाट दाखविते, आणि पातळ मातीचा थर तुडविला गेला की तो लवकर भरून येत नाही. याउलट डॉ. सालिम अली यांच्याबरोबर भारतात हिंडून पक्ष्यांची छायाचित्रे घेणारे लोक वान थो (१९१५–१९६४) यांच्यासारख्यांची पद्धत लपणात बसण्याची होती. लपणात बसणाऱ्याने नाहीसे व्हावयाचे असते. पक्षी आपल्या क्रमाने येतो, पिलांना भरवितो, उडून जातो. पाहणारा त्याच्या जगात नसल्यासारखाच असतो. येथे नीती आणि चित्तस्वास्थ्य एकाच अटीवर उभी आहेत, हे लक्षणीय होय. जी वृत्ती पक्ष्याला निर्भय ठेवते, तीच पाहणाऱ्याला शांत करते. पक्ष्याला उठवून जो चित्र घेतो, त्याने त्याच क्षणी स्वतःची शांतीही उठविलेली असते.

८. उपसंहार आणि अभ्यासाची एक दिशा

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. निसर्गातील विसाव्याचे मूळ सौम्य आकर्षणाने गुंतलेल्या अवधानात आहे. छायाचित्रण त्या अवधानाला आधार देऊ शकते. कारण ते निवड करावयास, थांबावयास आणि वाट पाहावयास लावते. परंतु हा आधार तीन अटींवर मिळतो : यंत्र हाताला सरावाचे असावे, चित्रांची संख्या मनाने मर्यादित ठेवावी, आणि चित्र कोणाला दाखवावयाचे हा विचार रानाबाहेर ठेवावा. या अटी मोडल्या की पडदा-पक्षाचा आक्षेप खरा ठरतो. पाळल्या की छायाचित्रकारांचा अनुभव.

यांतील शेवटच्या दोन अटींची परीक्षा आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना फारसा खर्च न करता घेता येण्याजोगी आहे. परीक्षेच्या सुमारास, म्हणजे ऐच्छिक अवधान सर्वाधिक शिणलेले असते अशा काळात, विद्यार्थ्यांचे यादृच्छिक पद्धतीने चार गट करावेत. पहिल्याने कॅमेऱ्यावाचून टेकडीवर तासभर चालावे. दुसऱ्याने केवळ बारा चित्रांची मुभा घेऊन. तिसऱ्याने हवी तितकी चित्रे काढून. चौथ्याने सायंकाळी ती इतरांना पाठवावयाची आहेत हे ठाऊक असताना. फेरीच्या आधी व नंतर उलट अंकमालिकेची कसोटी मराठी अंकांत घ्यावी, आणि विचारांच्या रवंथाविषयी प्रश्नावली भरून घ्यावी. फेरीत कोणते आवाज ऐकले, हेही विचारावे. म्हणजे दृष्टीच्या लाभासाठी कानांनी किती किंमत मोजली ते कळेल. प्रस्तुत प्रतिपादन बरोबर असेल, तर दुसरा गट पहिल्याच्या बरोबरीने अथवा त्याच्या पुढे राहील आणि चौथा सर्वांच्या मागे पडेल. तसे न घडल्यास उपपत्तीत दुरुस्ती करावी लागेल, आणि तीही काही कमी उपयोगाची ठरणार नाही.

तोपर्यंत टेकडीवर जाणाऱ्या विद्यार्थ्याला एवढेच सुचवावेसे वाटते की, कॅमेरा घरी ठेवण्याचे कारण नाही. त्याने तो बरोबर न्यावा. पण पहिले चित्र घेण्यापूर्वी जेथे बसला असेल तेथे काही काळ नुसते बसावे, आणि समोरचे गवत, वारा व प्रकाश आपापल्या गतीने चालले आहेत, एवढे पाहून घ्यावे. त्यानंतर त्याने चित्र घेतले काय आणि न घेतले काय, त्याच्या शिणल्या अवधानाला हवा असलेला विसावा बहुधा तोवर सुरू झालेला असेल.